राकसकोपच्या काठावर मुलाबाळांसकट एक दिवस (तुम्ही आणखी कुठे जाता?)

शहापूरची_सून · २३ सप्टेंबर, रात्री ९.४०

आमच्या घरी सकाळी पेपर आला की मामंजी आधी बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप तलावाची पातळी बघतात, बाकीच्या बातम्या नंतर. मे-जूनमध्ये आकडा खाली गेला की त्यांचा चेहरा उतरतो आणि जुलैत वर चढायला लागला की सगळ्यांना वाचून दाखवतात. परवा धाकट्याने विचारलं, "आजोबा, राकसकोप म्हणजे राक्षस आहे का?" सहा वर्षांचं पोर. जन्मल्यापासून ज्याचं पाणी पितंय तो तलाव त्याला ठाऊक नाही, हे काही मला बरं वाटलं नाही. म्हणून गेल्या रविवारी आम्ही सगळे गेलो. माझे दोघे (वय ६ आणि १०), सासूबाई, पुण्याहून आलेली नणंद आणि तिची मुलगी.

बेळगावातून गणेशपूर, बेनकनहळ्ळी, बेळगुंदी असं जायचं. पंधरा-सोळा किलोमीटर असेल. बेळगुंदी सोडलं की दोन्ही बाजूंना भात आणि रताळ्याचे वेल, आणि समोर डोंगर जवळ यायला लागतात. तलाव काठोकाठ भरलेला. पलीकडचा डोंगर पाण्यात उलटा दिसत होता. मुलांनी गाडीतून उतरल्यावर आधी आरडाओरडा केला आणि मग आपोआप गप्प झाली.

तिथे काय केलं ते सांगते, कारण "लहान मुलांना घेऊन जाऊन तिथे करायचं काय" असं मला तीन जणींनी विचारलं. थोरल्याने चपटे दगड शोधून पाण्यावर भाकऱ्या काढल्या. सासूबाईंनी त्याला मनगट कसं वळवायचं ते दाखवलं आणि स्वतः चार भाकऱ्या काढल्या! आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. नणंदेच्या मुलीने जांभळाच्या पानाच्या होड्या केल्या, देठ पानातून ओवून. धाकट्याने काठच्या तांबड्या चिखलाचे बैल केले. मग भाकरी, शेंगाचटणी, झुणका, दही, कांदा. दुपारी पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले बघितले. एवढंच. यात पैसे लागले ते पेट्रोलचे.

सासूबाई थोडा वेळ काठावर एकट्याच उभ्या होत्या. मी गेले तर म्हणाल्या, "या पाण्यासाठी रात्री दोन-दोन वाजता उठले गं मी. कळशी लावून ओट्यावर बसून डुलक्या काढायचे. आणि इतकी वर्षं इथं यायला झालं नाही."

आता वाईट गोष्ट. निघताना थोरला चप्पल हातात घेऊन काठाने चालत होता. गवतात फुटकी बाटली होती. टाचेला काच लागली, रक्त थांबेना. परत येऊन दवाखान्यात दोन टाके घातले. पोर रडलं नाही, पण गाडीत मला विचारलं, "आई, हे आपलं प्यायचं पाणी आहे ना? मग इथे बाटल्या कोण फोडतं?" मला उत्तर देता आलं नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. म्हातारं माणूस आणि लहान मुलं यांना घेऊन जाता येईल अशा डोंगरातल्या पाण्याच्या आणखी जागा सांगा. सावली हवी, सपाट जागा हवी. आणि त्या बाटल्यांचं काय करायचं, हेही सुचवा.

पुण्याची_माहेरवाशीण · २३ सप्टेंबर, रात्री १०.१५

वाचून टिळकवाडीतलं लहानपण आठवलं. दिवाळीत आई-बाबांना घेऊन येतेय. आईचे गुडघे गेलेत. काठापर्यंत गाडी जाते का आणि बायकांच्या सोयीचं काय, तेवढं सांग. बाकी सगळं चालवून घेता येतं, एवढं एक येत नाही.

रानवाट_चंदगड · २३ सप्टेंबर, रात्री ११.०२

ताई, मुलाला बरं वाटू दे. पण स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हा धागा काढून टाकावा असं माझं मत आहे. आमच्या भागातल्या प्रत्येक जागेचं असंच झालं. कुणी तरी मनापासून लिहितं, फोटो टाकतं, पुढच्या रविवारी चाळीस गाड्या, त्याच्या पुढच्या रविवारी स्पीकर. राकसकोप ही सहलीची जागा नाही. पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे. तिथे कुणीच जाऊ नये, हाच त्याच्यावर खरा उपाय.

शहापूरची_सून · २४ सप्टेंबर, सकाळी ७.२०

राग अजिबात नाही. रात्रभर याच गोष्टीवर विचार केला.

पण दादा, बाटल्या फोडणारे धागा वाचून येत नाहीत. त्यांना जागा आधीच माहीत आहे. ते येतात संध्याकाळी, तिथे कुणी नसतं म्हणून. काठावर आज्या बसलेल्या असतील, पोरं खेळत असतील, तर तिथे बाटली काढायला माणूस दहा वेळा विचार करील. माझी सासू जिथे हात जोडून उभी राहिली तिथे कुणी दारू पिईल का तिच्यासमोर? आपण घरच्या माणसांनी जाणं सोडलं म्हणून ती जागा त्यांची झाली, असं मला वाटतं. फोटो मी टाकलेले नाहीत आणि टाकणार नाही, एवढं तुमचं नक्की ऐकते.

माहेरवाशीण, सोय तिथे नाही. आम्ही बेळगुंदीच्या अलीकडे ओळखीच्या घरी थांबून गेलो होतो. गाडीतून उतरून थोडं चालावं लागतं, वाट मातीची आहे. आईंसाठी पाठ टेकायची घडीची खुर्ची आण. जमिनीवर बसवलंस तर उठवताना त्रास होईल. सासूबाईंच्या वेळी तोच घोळ झाला.

पाणीखात्यात_३०_वर्षं · २४ सप्टेंबर, सकाळी १०.५०

तुमच्या मामंजींना माझा नमस्कार सांगा. पेपरात तो आकडा बघणारी पिढी आता थोडी राहिली.

मुलांना न्याल तेव्हा त्यांना नीट सांगता यावं म्हणून लिहितो. तलाव भरला की आकडा २४७५ फूट येतो. पुष्कळांना वाटतं ती खोली आहे. ती खोली नव्हे, समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. बेळगाव शहरही साधारण अडीच हजार फुटांवरच आहे. म्हणजे तलाव आणि शहर जवळजवळ एका उंबऱ्यावर. उतारानं आपलं पाणी आपोआप नळाला येईल असं नाही. ते हिंडलग्याला पंपानं उचलावं लागतं, मग लक्ष्मीटेकला शुद्ध होतं, तिथून तुमच्या घरी. वीज गेली की पाणी का येत नाही, याचं कारण हे. मुलांना हे चित्र काढून दाखवा, दहा वर्षांच्या पोराला सहज समजतं.

नदी मार्कंडेय. बैलूरच्या डोंगरात उगम पावते. तलाव भरला की दरवाजे उघडतात आणि तेच पाणी पुढे उचगाव, सुळगा, आंबेवाडी, कंग्राळीच्या शेतांतून जातं. पाऊस जोरात असला की त्या शेतांत पुराचं पाणी शिरतं. पुढे हीच मार्कंडेय गोडचिनमलकीला धबधबा होऊन पडते आणि गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. सहलीला जाऊन लोक त्या धबधब्याचे फोटो काढतात आणि नदी आपलीच आहे हे कुणाच्या ध्यानात नसतं.

एक कळकळीची विनंती. पाण्यात उतरू नका आणि कुणाला उतरू देऊ नका. धरणाचं पाणी नदीसारखं नसतं. काठ हळूहळू उतरतो असं वाटतं आणि एका पावलात जमीन संपते, कारण खाली जुन्या शेतांचे बांध आहेत, ओहोळाची जुनी पात्रं आहेत. वर लाल चिकणमाती, ती ओली झाली की साबणासारखी. खाली गाळ, त्यात पाय रुतला की सुटत नाही. पट्टीचे पोहणारे गेलेले मी पाहिले आहेत. काठावर गळ्यात टॉवेल टाकून बसलेल्या आईला पाहिलं आहे. जास्त लिहवत नाही.

भिंतीकडे, दरवाजांकडे जाऊ नका. तिथल्या राखणदारानं हटकलं तर वाद घालू नका, तो तुमच्याच पाण्याची राखण करतो.

अनगोळकर_विनू · २४ सप्टेंबर, दुपारी १.०५

काका, उंची-खोलीचं आजच कळलं. इतकी वर्षं २४७५ फूट खोल समजत होतो. धन्यवाद.

तुडयेकर · २४ सप्टेंबर, रात्री ८.३०

मी तलावाच्या पलीकडचा. आमचं गाव तुडये, तालुका चंदगड. तलाव कर्नाटकात, आमची शेतं महाराष्ट्रात, आणि मोबाइल दिवसातनं चार वेळा राज्य बदलतो. धागा बहिणीनं पाठवला म्हणून वाचला.

वैनी, तुमच्या मुलाच्या टाचेला लागलं ते वाचून आईला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्याकडं तर रोज लागतंय." खरं आहे ते. वरच्या बाजूला फोडलेली बाटली पावसात वाहत खाली शेतात येते. रोप लावताना बायका गुडघाभर चिखलात अनवाणी वाकून असतात. चिखलात काच दिसत नाही. दोन वर्षांमागं आईच्या तळव्यात शिरली, आठ दिवस लावण बंद. ऐन लावणीत आठ दिवस म्हणजे काय, ते शेतकऱ्यालाच कळतं. बैलाच्या खुरात काच गेली की तो बैल त्या हंगामात गेलाच.

म्हणून मी चंदगडच्या दादांना म्हणतो, लोकांनी येऊ नये हे मला पटत नाही. या की. पण दिवसा या, कुटुंब घेऊन या, आणि गावातनं या. सरळ काठावर गाडी नेऊन लावू नका. गावात थांबा, कुणालाही विचारा, पाणी मागा, ताक मागा. गावाला तुम्ही दिसलात की तुम्ही पाहुणे. न दिसता गेलात की आम्हाला कसं कळणार कोण आलंय?

मुलांना करण्यासारखं म्हणाल तर आमच्याकडं पुष्कळ आहे. आता रताळी निघायला लागलीत. नवरात्राच्या उपासाला बेळगावच्या मार्केटला इकडनंच गाड्या भरून जातात. वेल कापून सरी फोडली की मातीतनं लालभडक रताळी वर येतात. शहरातल्या पोरांना ते हातानं वेचायला दिलं की तासभर हलत नाहीत. माझी आई पानांच्या पत्रावळी लावते, केरसुणीच्या हिरानं टाचून. एक पान दुसऱ्यावर अर्धं यायला पाहिजे आणि हीर आत घालून लगेच मोडायचा, लांब ठेवला की जेवताना बोटाला टोचतो. शिकवायला तिला आवडतं. आता कुणी शिकायला येत नाही.

जांबोटीची_लेक · २५ सप्टेंबर, सकाळी ९.१०

आमच्या खानापूर तालुक्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी लिहिते.

तलाव म्हणून नाही, पण पाण्याचं काही दाखवायचं असेल तर मुलांना कणकुंबीला न्या. बेळगावहून पिरनवाडी, किणये, जांबोटी आणि पुढे चोर्ला रस्त्यावर कणकुंबी. माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. एवढीशी जागा. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगराला जाताना नविलुतीर्थाच्या धरणाचं जे अफाट पाणी दिसतं ना, ते हे. माझ्या मुलाला मी आधी कणकुंबी दाखवली आणि त्याच वर्षी पौर्णिमेला सौंदत्ती. तो धरणाकडे बघून म्हणाला, "एवढं सगळं त्या देवळामागून आलं?" पुढे कूडलसंगमाला ती कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते.

आणि त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस म्हादईत जातो, म्हणजे गोव्याची मांडवी, म्हणजे अरबी समुद्र. आमच्या एका तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. आमच्या घरात आजी सांगायची, कौलाच्या एका बाजूचं पाणी एकीकडे आणि दुसऱ्या बाजूचं दुसरीकडे, तसंच हे. म्हादईच्या पाण्याचा वाद टीव्हीवर ऐकणाऱ्या मुलांना हे डोळ्यांनी दाखवायलाच पाहिजे.

वाटेत हब्बनहट्टीला थांबा. मलप्रभेच्या पात्रातच मारुती आहे. पावसाळ्यात नदी चढली की देव पाण्याखाली जातो. दिवाळीनंतर पाणी उतरतं तेव्हा म्हाताऱ्या माणसांनाही जाता येतं. पण तिथेही पात्रात खडकावर शेवाळ असतं, मुलांचा हात सोडू नका.

वज्रपोहा आणि भीमगड भागातल्या धबधब्यांकडे पावसाळ्यात मुलांना घेऊन जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. ते जंगल अभयारण्य आहे, २०११ पासून. वन खात्याची बंदी असते तेव्हा आडवाटेनं घुसणारे रस्ता चुकतात आणि मग गावातल्या पोरांना रात्री टॉर्च घेऊन शोधायला जावं लागतं. त्या पोरांत माझा भाऊ असतो. परवानगी असेल तेव्हाच, खात्याचा माणूस बरोबर घेऊन जा. नशीब असेल तर धनेश पक्षी दिसतो. त्याच्या पंखांचा आवाज आधी येतो, आगगाडीचं इंजिन लांबून यावं तसा.

निपाणीचा_बाप · २५ सप्टेंबर, रात्री ९.५५

बोटिंगबद्दल कुणी लिहिलं नाही. मी लिहितो, कारण माझ्या मनातून ते जात नाही. जागेचं नाव लिहीत नाही, यातली कुठलीही नाही.

मागच्या डिसेंबरात एका तलावावर आम्ही बोटीत बसलो. मुलगी सात वर्षांची. बोटवाल्याने मोठ्या माणसाचं लाईफ जॅकेट तिच्या अंगात घातलं आणि म्हणाला, "काही होत नाही साहेब, पाणी शांत आहे." तलावाच्या मध्यावर वारं सुटलं, बोट हलली, ती घाबरून वाकली. मी तिला धरायला जॅकेटच्या खांद्याला हात घातला तर जॅकेट माझ्या हातात आलं आणि पोरगी खालीच राहिली. बोटीतच होती, काही झालं नाही. पण त्या क्षणी ती पाण्यात असती तर?

तेव्हापासून एक करतो. बोटीत चढण्याआधी, जमिनीवर, मुलाला हात वर करायला सांगायचं आणि जॅकेट खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायचं. हनुवटीच्या, कानाच्या वर सरकलं तर ते जॅकेट त्या मुलाचं नाही. पायांमधून जाणारी पट्टी असेल तर ती बांधायचीच. मुलाच्या मापाचं नसेल तर बोटीत बसायचं नाही. पैसे परत मागायचे, नाही दिले तर सोडून द्यायचे. मुलगी रडली तर रडू द्यायची.

शहापूरची_सून · २५ सप्टेंबर, रात्री १०.२०

दादा, अंगावर काटा आला. ही खांदे ओढून बघायची युक्ती मी शाळेच्या ग्रुपवर टाकते, चालेल ना?

निपाणीचा_बाप · २५ सप्टेंबर, रात्री १०.२४

जरूर टाका. सगळीकडे टाका.

गोकाककर · २६ सप्टेंबर, सकाळी ११.३५

आमच्या बाजूलाही या. पाणीखात्यातल्या काकांनी मार्कंडेयचं सांगितलं, मी घटप्रभेचं सांगतो.

हिडकलचं धरण हुक्केरी तालुक्यात, नदी घटप्रभा. बेळगावात राकसकोपचं पाणी पुरत नाही तेव्हा हिडकलचंच पाणी येतं, म्हणजे तोही तुमचाच तलाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ उघडं पडतं. आधी कळस, मग खांब, मग पायऱ्या. आमचे आजोबा दर उन्हाळ्यात दर्शनाला जायचे. त्यांच्या बरोबर गेलो तेव्हा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि मंडपात शिंपले होते. विठ्ठलाच्या देवळात शिंपले, हे मी अजून विसरलो नाही. उन्हाची वेळ टाळून सकाळी जा, सावली अजिबात नाही.

गोकाकचा धबधबा १७० फुटांचा. जुलै ते सप्टेंबर बघण्यासारखा, नंतर पाणी कमी होतं. झुलता पूल आहे, गर्दी असली की लहान मुलांना त्यावर नेऊ नका.

पण माझं मन आहे धूपदाळला. तिथं जुना बंधारा आहे आणि त्याच्या पाण्यावर घटप्रभा पक्षी अभयारण्य, १९७४ पासून. नोव्हेंबर उजाडला की हजारो मैलांवरून पाहुणे पक्षी येतात. कांड्या करकोचे दिवसा शेतांत आणि संध्याकाळी पाण्यावर. सकाळी साडेसहाला थर्मासमध्ये चहा घेऊन बंधाऱ्याच्या बाजूला नुसतं बसायचं. आजी-आजोबांना यासारखी जागा नाही, चालावंच लागत नाही. मुलांना एक वही द्या, दिसलेला पक्षी काढायला सांगा. नाव नंतर शोधता येतं. रंगीत कपडे नको, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावू नका. परत जाताना गोकाकात करदंट (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) घ्या, हे सांगायला नको.

रानवाट_चंदगड · २६ सप्टेंबर, दुपारी ३.१५

तुडयेकर, तुमचं वाचलं. गावातून या हे जे म्हणालात ते मला पटलं. मी इतका विचार केला नव्हता. माझं आधीचं मत मी मागे घेतो, अर्धं तरी.

मग माझ्याकडचं देतो. तिलारीनगर. शिनोळी, पाटणे फाटा करून कोदाळीला जायचं. वर धरणाचं पाणी आणि पुढे थोड्या अंतरावर सह्याद्रीचा कडा. स्वप्नवेल पॉइंटला उभं राहिलं की खाली कोकण. वरच्या तलावाचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली नेऊन वीज करतात. ज्या मुलांनी लक्ष्मीटेकचं चित्र काढलं त्यांना हे उलटं चित्र काढायला सांगा. तिकडे वीज लावून पाणी वर चढवायचं, इकडे पाणी खाली सोडून वीज मिळवायची.

कठड्याच्या पलीकडे कुणी जायचं नाही. दरीतून वर येणारा वारा लहान मुलाला हलवतो, हे अंदाज चुकायचं कारण होतं. धुकं असेल तर दिसणारच काही नाही, तेव्हा हट्टाने पुढे जाऊ नका. तिलारी घाट फार उभा आहे, नवीन ड्रायव्हरने मुलांना घेऊन उतरू नये. आणि या पट्ट्यात साधारण २००२ पासून हत्ती आहेत. संध्याकाळी पाचच्या आत परत फिरा. हत्ती दिसला तर गाडी थांबवून फोटो काढत बसू नका. तो आमच्या केळी-नारळांवर जगतोय, आधीच चिडलेला आहे.

पावसात गेलात तर जळवा असतात. घाबरायचं कारण नाही. ओढून काढू नका, चिमूटभर मीठ टाका, सुटते. आमच्याकडे पायाला तंबाखूचं पाणी लावतात.

वैजनाथ_भक्त · २६ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४०

देवरवाडीचा वैजनाथ राहिला. तलाव नाही पण डोंगरावर जुनं देऊळ आहे, झाडीत गारवा आहे, वर महिपाळगड आहे. तिलारीहून येताना वाटेवर.

पुण्याची_माहेरवाशीण · २७ सप्टेंबर, सकाळी ८.००

ठरलं. आई-बाबांसाठी धूपदाळ आणि हब्बनहट्टी. राकसकोपला मी एकटी मुलाला घेऊन जाईन, सकाळी. बाबांना विचारलं तर म्हणाले, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची टिळकवाडीतली विहीर पण मुलाला दाखव. गांधीजी अध्यक्ष होते त्या अधिवेशनाला आलेल्या लोकांची तहान त्या विहिरीने भागवली. पाण्याचंच चाललंय तर तीही बघून होईल.

शहापूरची_सून · २८ सप्टेंबर, रात्री ९.१५

थोरल्याचे टाके निघाले. तो पाणीखात्यातल्या काकांनी सांगितल्याप्रमाणे चित्र काढून बसलाय. डोंगर, तलाव, हिंडलग्याचा पंप, लक्ष्मीटेकची टाकी, आमचं घर. आमच्या घरातून एक बाण पुन्हा तलावाकडे काढलाय. मी म्हटलं हा कसला? म्हणाला, "हा आपण जायचा."

तर तुडयेकर दादा, दसरा झाल्यावरच्या रविवारी आम्ही येतो. सासूबाई, मुलं, शेजारचं एक कुटुंब, मिळून अकरा जण. अनगोळचे विनू आणि निपाणीचे दादा पण येतो म्हणालेत. जेवण आमचं आम्ही आणतो, तुमच्या आईंना त्रास नको. सकाळी दोन तास काठावरच्या बाटल्या गोळा करायच्या आणि मग रताळ्याच्या शेतात. पत्रावळ शिकायला सासूबाई सगळ्यात आधी तयार आहेत.

पाणीखात्यात_३०_वर्षं · २८ सप्टेंबर, रात्री ९.५०

आणखी एक मी. गाडीत जागा नसेल तर बसने येतो.

तुडयेकर · २८ सप्टेंबर, रात्री १०.३०

या सगळी. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, जेवण कशाला आणताय, भाताला आणि आमटीला काय तोटा आहे काय आमच्याकडं? रताळी चुलीत भाजून देते म्हणाली, दुधाबरोबर.

बाटल्या उचलायला लहान पोरांना लावायचं नाही. ती पोरं पक्षी बघतील, आपण मोठी माणसं उचलू. सगळ्यांना बूट घालून आणा, चप्पल चालणार नाही. खताची रिकामी पोती दहा-बारा धुऊन वाळत घातलीत, काच त्याच्यातनं बाहेर येत नाही. हातमोजे तेवढे बेळगावातनं आणा, जाड कापडाचे, आमच्या दुकानात मिळत नाहीत.